अर्धा किलो हवा

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून पेंधरच्या मेट्रो स्थानकाकडे जाणाऱ्या माणसास कारखान्यांच्या भिंतींपलीकडून जे नाना आवाज अहोरात्र ऐकू येतात, त्यांपैकी तीन आवाज हवा ढकलणाऱ्या वा दाबणाऱ्या यंत्रांचे आहेत हे जाणत्या कानास तत्काळ कळते : सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणाऱ्या रूट्स ब्लोअरची जाड घरघर, कॉम्प्रेसर हाऊसमधल्या स्क्रू कॉम्प्रेसरची सलग शीळ आणि बॉयलरला हवा पुरविणाऱ्या सेंट्रिफ्यूगल जातीच्या एफडी फॅनचा घोंघाव. मोटारीच्या इंजिनात त्याच्या नैसर्गिक श्वासापेक्षा अधिक हवा जबरीने भरणारे जे यंत्र सुपरचार्जर या नावाने प्रसिद्ध आहे, त्याच्या तीन मुख्य जाती म्हणजे या तीन यंत्रांचीच लहान भावंडे होत. आणि म्हणूनच वेगवान मोटारीचा हा वरकरणी चैनीचा वाटणारा प्रश्न या वसाहतीत जितक्या जाणतेपणाने चर्चिला जाऊ शकतो, तितका तो श्रीमंत मोटारमालकांच्या मंडळीतही क्वचितच चर्चिला जात असेल.

पुढील संवादातले दोन पक्ष मी नात्यानेच ओळखवितो. मामा एका रसायन-कारखान्याच्या युटिलिटी विभागात, म्हणजे हवा, पाणी आणि वाफ यांच्या पुरवठ्याच्या कामावर, आयुष्य घालवून निवृत्त झालेले. भाचा तरुण, यंत्रविद्येची पदविका घेतलेला, आणि रायगडच्या एमएच-०६ क्रमांकाच्या एका जुन्या, पण उत्तम राखलेल्या होंडा सिटी व्हीटेकचा मालक. दीड लिटरचे, १०६ अश्वशक्तीचे आणि चढ्या फेऱ्यांवरच खुलणारे ते इंजिन त्याच्या पिढीतील मोटारप्रेमींत अद्याप आदराने उल्लेखिले जाते. त्या इंजिनावर सुपरचार्जर चढवावा, अशी त्याची तजवीज आहे.

भाचा : मामा, टर्बोचा विचार मी केव्हाच बाजूला सारला. पायाखालचा पेडल दाबल्यापासून इंजिनाने हुकूम मानीपर्यंत जो विलंब लागतो, तो मला नको. पट्ट्याने थेट क्रँकशाफ्टवरून फिरणारे यंत्र हवे, आणि त्यांतही सेंट्रिफ्यूगल. एक इंपेलर, त्याला फिरविणारी गिअरमाला, आणि भोवती गोगलगाईच्या आकाराचे आवरण. एवढाच त्याचा संसार. अल्टरनेटरसारखे इंजिनाच्या बगलेला बसते, मूळ इनटेक मॅनिफोल्डला हात लावावा लागत नाही, आणि त्यातून निघालेली नळी पुढच्या जाळीमागच्या इंटरकूलरमधून सहज फिरवून आणता येते. डेन्मार्कच्या रोट्रेक्सने तर दातांची चाके काढून टाकून गुळगुळीत रोलरांच्या घर्षणावर चालणारी योजना केली आहे, त्यामुळे इंपेलर मिनिटाला लाखभर फेरे घेत असतानाही गिअरांची किणकिण ऐकू येत नाही.

मामा : यंत्राचे गुणवर्णन झाले. आता दाब किती पाहिजे तो सांग. कारण आमच्या खात्यात यंत्र निवडण्यापूर्वी दाब आणि प्रवाह यांची नोंद प्रथम करीत, आणि ती नोंद नसेल तर खरेदीचा कागद पुढे सरकत नसे.

भाचा : पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड मूळचेच राहणार, तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो. त्याहून अधिक मागणे म्हणजे इंजिनाशी बेइमानी.

मामा : म्हणजे तू आणि मी एकाच आकड्यावर येऊन उभे राहिलो. आमच्या एअरेशन टँकमध्ये पाण्याची उंची सुमारे ५ मीटर असे, आणि ५ मीटर पाण्याच्या तळाशी हवा सोडावयाची तर अर्ध्या किलोच्या वर थोडा दाब लागतो. तो दाब वर्षानुवर्षे, दिवसरात्र, न कुरकुरता देणारे यंत्र कोणते, तर रूट्स ब्लोअर. अमेरिकेतल्या इंडियाना प्रांतातील कॉनर्सव्हिल या गावच्या रूट्स बंधूंनी त्याचे पेटंट १८६० साली घेतले. त्या वेळी मोटार जन्मालाही आली नव्हती. एकमेकांत अडकून उलट दिशांनी फिरणारे दोन रोटर असतात. त्यांच्या पाळ्या आणि बाहेरचे आवरण यांच्यामधल्या पोकळीत हवा सापडते आणि रहाटगाडग्यातील पाण्याप्रमाणे जशीच्या तशी पलीकडे नेऊन ओतली जाते. प्रत्येक फेऱ्याला ठरलेले माप. इंजिन मंद चालले तरी माप तेच, जलद चालले तरी तेच. म्हणूनच इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर असतानाच त्याचा दाब हाताशी येतो.

भाचा : आणि तोच त्याचा दोष आहे. तुमचा रूट्स हवा नेतो, पण दाबीत नाही. पलीकडच्या मॅनिफोल्डमध्ये आधीच कोंडलेली दाबाची हवा त्या पोकळीत उलट घुसते तेव्हा कुठे दाब निर्माण होतो, आणि त्या झटापटीत उष्णता जन्मते. उष्ण हवा विरळ असते. मग अर्धा किलो दाब दाखविणारा काटा केवळ शोभेचा ठरतो.

मामा : उष्णतेचा मुद्दा खरा आहे, परंतु खऱ्या मुद्द्याचा हिशेबही खरा करावयास हवा. तळोज्यातली मे महिन्याची ३५ अंशांची हवा घे, आणि तिचा निरपेक्ष दाब दीडपट कर. यंत्र सर्वथा निर्दोष असते तर तिचे तपमान ३८ अंशांनी वाढले असते. जुन्या पद्धतीच्या रूट्सची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर वाढ ६९ अंशांची होऊन हवा १०४ अंशांवर जाते. ७० टक्के कार्यक्षमतेच्या चांगल्या सेंट्रिफ्यूगल किंवा स्क्रूमधून ती ८९ अंशांवर निघते. आता घनता पाहा : मूळ हवेच्या तुलनेत पहिलीची घनता सुमारे २३ टक्क्यांनी अधिक, दुसरीची २८ टक्क्यांनी. म्हणजे ज्या गुणावर तू तुझी सारी कैफियत उभारली आहेस, त्याची किंमत ५ टक्के. उलट दोहोंपैकी कोणतीही हवा इंटरकूलरमधून नेऊन ५० अंशांपर्यंत निवविली, तर वाटेतली दाबाची घट धरूनही घनतेची वाढ ४० टक्क्यांच्या आसपास जाते. तेव्हा यंत्राच्या जातीवरून भांडण्याआधी इंटरकूलरच्या आकारावरून भांडावे, हे अधिक शहाणपणाचे नव्हे काय?

भाचा : त्या हिशेबानेच माझी बाजू बळकट होते. रूट्स मॅनिफोल्डच्या डोक्यावर बसतो. त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये इंटरकूलर घालावयाचा तर जागा कुठे?

मामा : ज्यांना जागा काढावयाची असते ते काढतात. २००२ सालच्या मिनी कूपर एसमध्ये १.६ लिटरचे इंजिन, ईटनचा एम ४५ हा रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर आणि बॉनेटला भोक पाडून त्याखाली बसविलेला इंटरकूलर, असे सारे त्या एवढ्याशा गाडीत मावले आणि तिने १६३ अश्वशक्ती दिली. तो एम ४५ दर फेऱ्याला ४५ घन इंच, म्हणजे सुमारे पाऊण लिटर हवा पुढे लोटतो. तुझे दीड लिटरचे चतुर्घाती इंजिनही क्रँकच्या दर फेऱ्याला पाऊण लिटरच हवा ओढते. तेव्हा दोन्ही पुल्या सारख्या ठेवल्या तर दाब जवळपास शून्य. गळती आणि उष्णता यांची भरपाई धरून सुपरचार्जर क्रँकच्या पावणेदोन ते दोन पट फिरविला, की तुझा अर्धा किलो आला. असा सरळ हिशेब तुझ्या सेंट्रिफ्यूगलमध्ये मांडून दाखव पाहू.

भाचा : मांडतो. त्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६००० फेऱ्यांवर अर्धा किलो ठरविला, तर ३००० वर त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे एक अष्टमांश किलो.

मामा : आणि तळोज्याहून वाशीला जाताना तुझे इंजिन ६००० फेऱ्यांवर किती वेळ असते? कळंबोलीच्या चौकात पोलादाची गुंडाळी लादलेला ट्रेलर तुझ्यापुढे, रसायनाचा टँकर तुझ्यामागे, आणि तू दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये २००० फेऱ्यांवर वाट पाहत असतोस. त्या टँकरपासून सुटून पुढे निघावयाचे असते तेव्हा हाताशी काय, तर एक अष्टमांशाहूनही कमी. द्रुतगती मार्गावर १०० किलोमीटरची मर्यादा पाळशील तर पाचव्या गिअरमध्ये फेरे साधारण ३००० च राहतील. ज्या जागी तुझी गाडी आपले आयुष्य काढते, त्या जागी तुझे यंत्र गैरहजर असते.

भाचा : गैरहजर असते तेच बरे, असे म्हणण्यास सबळ कारण आहे. मंद फेऱ्यांवर पूर्ण दाब म्हणजे नॉकिंगला आमंत्रण. कारण ज्वाला पसरण्यापूर्वी उरलेल्या मिश्रणास आपोआप पेटावयास पुरेसा अवधी तिथेच मिळतो. शिवाय हे इंजिन कारखान्यातून नैसर्गिक श्वासासाठी बनून आलेले, त्याचे कंप्रेशन त्या मानाने चढे. पुढच्या चाकांना जोर देणारी ही हलकी गाडी. पावसाळ्यात नावड्याच्या ओल्या रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये एकदम टॉर्क आला तर चाके जागच्या जागी फिरतील आणि क्लच जळेल तो निराळाच. सेंट्रिफ्यूगलचा दाब हळूहळू चढतो, म्हणून गिअरबॉक्स वाचतो. आणि मुख्य म्हणजे हे इंजिन जिथे स्वभावतः खुलते, त्या वरच्या फेऱ्यांवरच तो दाब येतो. इंजिनाच्या प्रकृतीला धरून औषध द्यावे, विरुद्ध देऊ नये.

मामा : तू आज बोललास त्यांतले हे सर्वांत वजनदार, आणि मी ते मान्य करतो. परंतु मग प्रश्न दोन प्रकृतींचा झाला : एक इंजिनाची, दुसरी रस्त्याची. इंजिन म्हणते सेंट्रिफ्यूगल. रस्ता म्हणतो रूट्स. दोहोंपैकी बदलता येण्यासारखी कोणती, ते तू ठरव. मला तरी सायन-पनवेल महामार्ग बदलता यावयाचा नाही.

भाचा : मध्यममार्ग म्हणून स्क्रू का नको? स्वीडनच्या आल्फ लिशोल्मने १९३० च्या दशकात जी रचना सिद्ध केली, तीत एक नर आणि एक मादी असे दोन रोटर असतात. हवा त्यांच्यामधून पुढे सरकता सरकताच आतल्या आत दाबली जाते. म्हणजे रूट्सची तत्परता आणि सेंट्रिफ्यूगलची थंडाई एकत्र. अमेरिकेत डॉजच्या हेलकॅटने २०१५ साली ६.२ लिटरच्या इंजिनावर २.४ लिटरचा स्क्रू चढवून ७०७ अश्वशक्ती काढली.

मामा : स्क्रूबद्दल मला ममता आहे, आमच्या कारखान्याची सात किलोची हवा त्यानेच पुरविली. पण आमच्या स्क्रूमध्ये तेल सोडलेले असते. ते फटी बुजविते, उष्णता शोषते, आणि नंतर हवेपासून गाळून काढता येते. मोटारीच्या इंजिनात तेल जाऊन कसे चालेल? म्हणून तिथला स्क्रू कोरडा, आणि कोरड्या स्क्रूचे रोटर एकमेकांस न शिवता पण अगदी लगटून फिरावे लागतात. तेवढी बारीक घडण स्वस्तात होत नाही. शिवाय आतल्या आत दाबण्याचा त्याचा धर्म तो पेडल सोडल्यावरही पुरता टाकीत नाही. रूट्सला बायपास झडप उघडून दिली की तो जवळजवळ फुकट फिरतो, स्क्रू मात्र काही श्रम घेतच राहतो. तुझ्या दीड लिटरला साजेसा लहान स्क्रू शोधण्यात आणि त्याचे सुटे भाग मिळविण्यात जो खर्च होईल, त्यात दुसरे इंजिन येईल. दरम्यान रूट्सही स्वस्थ बसलेला नाही : ईटनने चार पाळ्यांचे, १६० अंशांनी पिळलेले रोटर करून त्याची कार्यक्षमता स्क्रूच्या जवळ नेऊन ठेवली, आणि २००९ ची कॉर्व्हेट झेडआर-१ त्याच्याच बळावर ६३८ अश्वशक्तीला पोचली.

भाचा : तुम्ही अमेरिकेत गेलातच, तर मी इंदूरला जातो. यशवंतराव होळकरांसाठी १९३५ साली ड्यूसेनबर्ग एसजे सिद्ध झाली. लंडनच्या गर्नी नटिंगने तिचा देह घडविला. तिच्यावर सुपरचार्जर होता तो सेंट्रिफ्यूगलच. साध्या जे जातीच्या २६५ अश्वशक्तीवरून एसजे ३२० वर गेली, असे तिच्या निर्मात्यांनी जाहीर केले होते. जगातले कोणतेही यंत्र मागविता आले असते अशा मराठी संस्थानिकाने हे मागविले.

मामा : उदाहरण सुंदर आहे, पण ते माझ्या दफ्तरात जमा कर. होळकरांचे इंजिन आठ सिलिंडरांचे आणि ६.९ लिटरचे होते. ते मंद फेऱ्यांवर कोणाच्याही साहाय्यावाचून डोंगर चढू शके. वरच्या फेऱ्यांवर थोडी जोड हवी होती, ती सेंट्रिफ्यूगलने दिली. ज्याच्या घरात धान्य भरलेले आहे त्याने सणासुदीची मिठाई मागवावी. तुझ्या दीड लिटरला खालच्या फेऱ्यांवरच तुटवडा. त्याला नेमके तिथेच मिळावयास पाहिजे. आणि इतिहासच काढतोस तर बेंटलीचाही काढ. साडेचार लिटरच्या बेंटलीवर शर्यतपटू बर्किनने ॲम्हर्स्ट व्हिलियर्सचा रूट्स बसवून घेतला, खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटलींना तो पसंत नव्हता, त्यांचे मत होते की शक्ती पाहिजे तर इंजिनच मोठे करावे. १९३० च्या ल मान्सला ब्लोअर बेंटल्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत, आणि साडेसहा लिटरची स्पीड सिक्स पहिली आली. म्हणजे माझ्या लाडक्या रूट्सच्या विरुद्धही दाखला आहे, आणि तो मी लपवीत नाही.

भाचा : मग मोठे इंजिनच घालू म्हणता?

मामा : ते घालू म्हटले तरी, आणि सुपरचार्जर चढवू म्हटले तरी, वाट एकाच दाराशी जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, नोंदणीच्या दस्तऐवजातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ही तरतूद काटेकोर अर्थाने वाचली. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न या फेरफाराचाच काढील, आणि तेव्हा कार्यक्षमता ५५ टक्के होती की ७०, हे तिला सांगून उपयोग होणार नाही. शिवाय इंधनाचा मुद्दा राहिलाच : पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल नॉकिंगला आवर घालते, ही तुझ्या बाजूची गोष्ट; पण ते मोजून अधिक सोडावे लागते, आणि तुझ्या गाडीच्या जुन्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. तेव्हा नळ्या, इंजेक्टर आणि इंधनाचा नकाशा यांचा खर्च कोणताही सुपरचार्जर घेतलास तरी चुकत नाही.

भाचा : म्हणजे कायदेशीर मार्गच नाही?

मामा : आहे, निर्मात्याने ज्या गाडीवर तो स्वतः बसवून, तपासून, मंजुरी घेऊन विकला, ती गाडी घे. पुण्यात जोडल्या गेलेल्या मर्सिडीजच्या सी २०० कॉम्प्रेसर गाड्या जुन्या बाजारात मिळतात. त्यांत ईटनचा रूट्स आहे. ज्या निर्मात्याला लाखो मैलांची जबाबदारी अंगावर घ्यावयाची होती, त्याने रस्त्यासाठी कोणती जात निवडली, ते तूच पाहा.

भाचा : पाहिले, आणि त्याच निर्मात्याने २०१० च्या सुमारास ती जात सोडून त्याच इंजिनावर टर्बो बसविला, हेही पाहिले. तेव्हा निर्मात्याच्या साक्षीवर दावा संपत नाही, मामा. आणि मी आता खरे ते सांगतो : मला ही गाडी कळंबोलीच्या चौकात नव्हे, धावपट्टीवर न्यावयाची आहे. अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती झाल्या आहेत. तिथे इंजिन बहुतांशी वरच्या फेऱ्यांवरच राहते, खालच्या फेऱ्यांचा प्रश्नच उद्भवत नाही. मग तुमच्याच न्यायाने तिथला रस्ताही सेंट्रिफ्यूगलच म्हणतो.

मामा : म्हणतो, आणि मीही तेच म्हणतो. हे तू प्रथमच सांगितले असतेस तर माझा विरोध उरलाच नसता. धावपट्टीवर दोन्ही प्रकृती जुळतात. तिथे सेंट्रिफ्यूगल लाव, त्यापुढे मोठा इंटरकूलर ठेव, पेडल सोडल्यावर कोंडलेली हवा इंपेलरवर उलटू नये म्हणून ब्लो-ऑफ झडप बसव, आणि गाडी स्वतः चालवीत न नेता ट्रेलरवर चढवून तिथे ने. मात्र एक कर : आजपासून तिला रस्त्याची गाडी म्हणू नकोस. रस्त्याच्या गाडीसाठी यंत्र निवडताना, ती सर्वाधिक फेरे किती घेऊ शकते हे विचारावयाचे नसते. ती दिवसभर किती फेऱ्यांवर चालते हे विचारावयाचे असते, आणि या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुझ्या टॅकोमीटरखेरीज कोणी देऊ शकत नाही. कोणत्याही दुकानदाराची शिफारस ऐकण्यापूर्वी एक आठवडा तो काटा पाहा आणि लिहून काढ. बहुतेकांना त्यानंतर सुपरचार्जर लागत नाही. ज्यांना लागतो, त्यांना कोणता ते आपोआप कळते.

भाचा : आणि एवढे करूनही कोणास निव्वळ वरच्या फेऱ्यांवरचा तो ओघ हवाच असेल, तर?

मामा : तर त्याने ती हौस आहे असे मोकळेपणाने म्हणावे. हौसेला गणिताची साक्ष लागत नाही. गणिताच्या नावाखाली हौस पुढे केली, म्हणजेच वाद निर्माण होतो.